आम्ही दोघं पुरत नाही का?

“आमच्या मुलाला आमच्या दोघांशिवाय इथे कुणी नाही. आम्ही कुठे कमी पडतोय का?” साताऱ्यात समुपदेशन करताना ही काळजी अनेकांच्या तोंडून ऐकते. आजी-आजोबा गावी, बाबा आठवडाभर पुण्यात, आणि शाहूपुरी-गोडोलीकडच्या एखाद्या नव्या इमारतीत आई आणि मूल. मूल हुशार असतं, वह्या पूर्ण असतात. पण पाहुणे आले की ते आतल्या खोलीत जाऊन बसतं. आई-बाबा म्हणतात, स्वभावच तसा आहे. पुष्कळदा स्वभाव ठीकच असतो, आजूबाजूला माणसंच नसतात.

अशाच एका घराबद्दल सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल ते तपशील बदलून. मुलाला सोहम म्हणू.

सोहम नऊ वर्षांचा. आई बँकेत. बाबांची नोकरी हिंजवडीत. सोमवारी पहाटे निघायचे, ते शुक्रवारी रात्री खंबाटकी ओलांडून घरी. एका रात्री आईला जोराचा ताप भरला आणि ती बाथरूमच्या दाराशी चक्कर येऊन पडली. सोहमने बाबांना फोन लावला; ते झोपेत होते, फोन सायलेंटवर. मग त्याने आईच्या अंगावर चादर घातली आणि सकाळी दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला. समोरचं दार चार पावलांवर होतं. “काकूंना का नाही उठवलंस?” असं नंतर विचारल्यावर म्हणाला, “तूच म्हणतेस ना, कुणाला त्रास द्यायचा नाही.”

आई माझ्याकडे आली ती हे वाक्य घेऊन. मला तिच्यात काही दोष दिसला नाही. लोकांना त्रास देऊ नये हा चांगलाच संस्कार आहे. पण अडचणीत कुणाचं दार हक्काने वाजवायचं, हेही मुलाला कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. गावच्या भरल्या घरात ते न शिकवता कळतं. फ्लॅटमध्ये नाही कळत.

मी सोहमला एक कोरा कागद दिला. मध्ये स्वतःला काढ, आणि भोवती तुझी माणसं काढ म्हटलं: लागलं तर कुणाकडे जाशील, भूक लागली तर, काही छान घडलं तर, भीती वाटली तर. कुटुंबाच्या भोवतीची नाती अशी कागदावर मांडण्याची पद्धत समाजकार्यात १९७०च्या दशकात ॲन हार्टमन यांनी रूढ केली, आणि मुलांसाठी ती फार उपयोगी पडते. सोहमने आई काढली, बाबा काढले. बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग कोपऱ्यात एक टेबल आणि एक माणूस काढला. इमारतीच्या पार्किंगमध्ये बसणारे इस्त्रीवाले काका.

आईला नवल वाटलं, कारण तिला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. सोहमला मात्र बरंच ठाऊक होतं. काका खटावकडचे, त्यांची मुलगी दहावीला, त्यांचा चहा बिनसाखरेचा. “मी कपडे मोजतो, ते वहीत लिहितात,” हे सांगताना त्याचा आवाज त्या तासात पहिल्यांदा मोठा झाला. या मुलाला माणसं नको होती असं अजिबात नव्हतं. जिथे त्याच्यावर कुणी काम सोपवलं, तिथे त्याने आपलं माणूस शोधलं होतं. मुलाची काळजी घेणारे पुष्कळ मिळतात. मुलाचा उपयोग होऊ देणारे कमी. मला तर हे दुसरंच जास्त मोलाचं वाटतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती मोठी होईपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे घरात कुणाशी तरी घट्ट नातं, आणि घराबाहेर शेजारी, शिक्षक असं एखादं मोठं माणूस, ज्याच्याकडे जाता येईल. फार गोतावळा लागत नाही. दोन-चार पक्की माणसं लागतात.

बाबा एका शनिवारी आले आणि त्यांनी सरळ विचारलं, “हल्ली कुणावर विश्वास ठेवायचा, मॅडम? बातम्या वाचता ना?” ही भीती खोटी नाही, आणि कुणी ती हसण्यावारी नेऊ नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ साली आला. त्याखालच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो. म्हणून माणसं जोडायची, पण डोळे मिटून नाही. आम्ही नियम ठरवले. कुणाच्याही घरी गेलं की दार उघडं. कुठे जातोय ते आधी सांगायचं. मोठ्या माणसाने “घरी सांगू नकोस” म्हटलं, की ते घरी सांगायचंच. अंगाला हात लावलेला आवडला नाही तर नाही म्हणायचं. समोर कितीही आदरणीय माणूस असो. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ. बाबांना मी एवढंच विचारलं: उद्या एका माणसाने त्रास दिला, तर तो सांगायला सोहमकडे दुसरं माणूस कोण आहे? तुम्ही दोघं. आणि तुम्ही दोघं फोन उचलू शकला नाहीत तर?

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझे आजोबा साताऱ्यात रयतच्या बोर्डिंगात वाढले.” पाटण भागातलं गाव, घरी शिकवण्याची ऐपत नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे सुरू केलेल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंक्तीत जेवायची. मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. “म्हणजे आजोबा परक्यांच्याच हातचं खाऊन मोठे झाले,” बाबा म्हणाले. यावर मी काही बोलले नाही. गरज नव्हती.

आईला सर्वांत जड गेलं ते मागणं. ती म्हणाली, आधी काकूंकडे काहीतरी करून नेते, मग बघू. मी म्हटलं, डबा नंतर न्या. आधी एक लहान, नेमकी गोष्ट मागा. तिने विचारलं, “रात्री-अपरात्री सोहमने बेल वाजवली तर चालेल ना?” काकू म्हणाल्या, “अगं, त्यात विचारायचं काय!” आणि मग हेही म्हणाल्या की मार्च महिन्यात पोरगं रात्रीपर्यंत एकटं असायचं ते कळत होतं, पण तुम्हाला आवडेल की नाही म्हणून बोलले नाही. दोन्ही घरं एकमेकांच्या संकोचापायी बंद होती.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. काकू हक्काने बोलू लागल्या तशा नको तेही बोलू लागल्या. आमचा नातू याच्याएवढा असताना घडाघडा बोलायचा, हा एवढा किरकोळ कसा, असं. आई दुखावली, काही दिवस जाणं-येणं थांबलं. इथेच बहुतेक पालक माघार घेतात, आणि इथेच टिकून राहावं असं मला मनापासून वाटतं. सोहमच्या आईने काकूंना स्पष्ट सांगितलं: तो रस्त्यावर पळाला, कुणाला मारलं, कुणाची वस्तू घेतली तर तुम्ही खुशाल रागवा, मला विचारूही नका. मार्क, अंगकाठी आणि तुलना मात्र नको. काकूंना वाईट वाटलं. पण दोन दिवसांनी त्यांनीच सोहमला लसूण सोलायला बोलावलं.

जुने वाडे बरे होते, असं अशा वेळी कुणीतरी म्हणतंच. वाड्यात पोरं आपोआप वाढायची हे खरं, पण त्याच वाड्यात कुणीही पोराला झोडपायचं, थोरल्या मुलींचं बालपण धाकट्यांना सांभाळण्यात जायचं, आणि काही जातींची मुलं उंबऱ्याबाहेरच राहायची. तो काळ मला परत नको आहे. मला विचारून, ठरवून जोडलेली माणसं हवी आहेत.

एक इशाराही द्यायला हवा. मूल घरी मोकळं बोलतं पण शाळेत किंवा बाहेर महिन्याहून अधिक काळ अजिबातच बोलत नाही, नजर देत नाही, खेळत नाही, असं असेल तर शेजारपाजारावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सोहमच्या बाबतीत तशी लक्षणं नव्हती.

आता त्याच्या कागदावर काकू आहेत, इस्त्रीवाले काका आहेत, कबड्डी शिकवणारे सर आहेत. मागच्या भेटीत आईने नवीच अडचण मांडली. खालच्या मजल्यावरची दुसरीतली मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसते, आणि बँकेतून थकून आल्यावर कधीकधी तिचं बोलणं सहन होत नाही. “तिला जा म्हणावं तर वाईट वाटतं. काय करू?” मी सांगितलं, “आज मी दमलेय, उद्या ये,” एवढंच तिला म्हणा, आणि उद्या आली की तिला आत घ्या.