खेड्यातील प्राथमिक शाळेत मुलांना पर्यावरणाची जबाबदारी कशी शिकवावी?

शाळेत दरवर्षी झाडे लावूनही मुलांच्या वागण्यात फरक का पडत नाही, असे आपण विचारले आहे. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत शिकवतो, तेव्हा तेथील अनुभवावरून लिहितो.

5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनी, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि पाऊस तोंडावर असतो. त्यामुळे त्या दिवशी लावलेले रोप दिवाळीपर्यंत कोणी पाहिले नाही तरी जगते. त्याला माणसाची खरी गरज एप्रिल-मे महिन्यांत लागते आणि नेमकी तेव्हाच सुट्टी असते. म्हणून सुट्टीत पाणी कोण घालणार, हे आधी मुलांनीच ठरवावे आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे एकच झाड वर्षभरासाठी सोपवावे. अशाने झाडे कमी लागतात. ती कमीच लागावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडांपेक्षाही अधिक शिकवून जाते ते दुपारचे जेवण. अक्षर दासोहचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शालेय आहार योजनेचे, जेवण झाले की हात आणि ताटे धुतलेले पाणी शाळेमागे साचते व तेथे डास होतात. आम्ही मुलांसोबत एक लहान चर काढून ते पाणी केळी आणि आळूकडे वळवले. ताटात किती अन्न उरले हे मुले रोज स्वतः पाहू लागली, तेव्हा कोणी न सांगता ती आधी थोडेच वाढून घेऊ लागली. परिसर अध्ययनातील पाण्याचा पाठ मी आता त्या चराजवळच घेतो.

आपल्या भागातील मुलांना आणखी एक गोष्ट अवश्य दाखवावी. मलप्रभा नदी आपल्याच तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जाते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्या धरणाचे पाणी हुबळी-धारवाडची माणसे पितात. नकाशावर गावच्या ओढ्यापासून ही वाट बोटाने काढायला लावली, की ओढ्यात टाकलेली पिशवी कोणाच्या दारी जाते हे लहान मुलालाही समजते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ऊसतोडणीनंतर शेतातले पाचट पेटवले जाते, हे चूक आहे. पण ते वडिलांना सुनावण्याचे काम आठ वर्षांच्या मुलाकडे देऊ नये. घरी त्याचे कोणी ऐकत नाही, उलट त्यालाच अपराधी वाटते आणि तो या विषयापासून दूर जातो. त्याऐवजी शाळेतील काही झाडांच्या आळ्यांत पाचट पसरावे, काही आळी उघडी ठेवावीत आणि उन्हाळ्यात कोणती माती अधिक काळ ओली राहते हे मुलांना हाताने पाहू द्यावे. पालकांशी याविषयी एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत आपण शिक्षकांनीच बोलावे, आणि तेही तोडणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे त्यांना विचार करायला अवधी मिळतो.