मोनोचा ताप उतरल्यानंतरचे आठवडे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २२. तीन आठवड्यांपूर्वी ताप आला, घसा इतका सुजला की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. टॉन्सिलवर पांढरा थर दिसला म्हणून अमॉक्सिसिलिन हे अ‍ॅन्टिबायोटिक सुरू झालं, काही दिवसांत अंगभर पुरळ उठलं, मग रक्त तपासलं आणि मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजे मोनो हा विषाणूचा आजार निघाला. आता ताप नाही, घसा मोकळा आहे, पण एक जिना चढलास की आडवं व्हावंसं वाटतं. परीक्षा दीड महिन्यावर आहे, जिम सुटली आहे आणि घरचे म्हणतात, 'आता उठ, हिंड-फिर, म्हणजे बरं वाटेल.' वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते. मला हा आजार तुझ्याच वयात झाला होता आणि पुढे धाकट्या भावाला झाला तेव्हा त्याचं सगळं मीच केलं, त्यामुळे अंथरुणावरची आणि अंथरुणाशेजारची अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात आधी हे ऐक: तू आळशी झालेला नाहीस. मोनोमध्ये ताप आणि घसा दोन-तीन आठवड्यांत आवरतात, थकवा मात्र बराच मागे रेंगाळतो. बहुतेक जण महिन्याभरात कामाला लागतात, काहींना दोन-तीन महिने लागतात आणि थोड्यांना सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. तू तिसऱ्या आठवड्यात आहेस. या टप्प्यावर जिन्याने दम काढणं अगदी अपेक्षित आहे.

हे का होतं ते समजलं तर स्वतःवरचा राग कमी होतो, म्हणून सांगते. बहुतेक वेळा मोनो होतो तो एपस्टीन-बार विषाणूमुळे. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो असतोच. लहानपणी शिरला तर साध्या सर्दीतापासारखा निघून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिली गाठ पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान पडली की मात्र खरा मोनो होण्याची शक्यता बरीच वाढते. विषाणू रक्तातल्या बी पेशींमध्ये (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घुसतो आणि त्यांना आवरायला शरीर टी पेशींची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची प्रचंड फौज उभी करतं. ताप, मानेतल्या गाठी, गळून जाणं यातला मोठा भाग या लढाईचाच आहे. तुझ्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट' असं लिहिलेलं असेल तर त्या मुख्यतः याच टी पेशी. म्हणूनच मोनोवर गोळी नाही. अ‍ॅन्टिबायोटिक विषाणूवर चालत नाही, आणि असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने लाळेतला विषाणू तात्पुरता कमी झाला तरी माणूस लवकर बरा होत नाही.

या विषाणूचा आणि मोनोचा संबंध कसा कळला तेही ऐकण्यासारखं आहे. विषाणू सापडला १९६४ मध्ये, एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठीत. पुढे फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले यांच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक तरुण तंत्रज्ञ मोनोने आजारी पडली. तिच्या रक्तात आधी या विषाणूची प्रतिपिंडं नव्हती, आजारानंतर दिसली. त्यावरून त्यांनी १९६८ मध्ये हा दुवा मांडला. म्हणजे ज्या आजाराने तू खाटेला खिळलायस, त्याचं कारण एका आजारी पडलेल्या मुलीच्या रक्तातूनच कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लीहा. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव, रिपोर्टमध्ये 'स्प्लीन' लिहितात. मोनोमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्णांत ती सुजते, आणि सुजलेली प्लीहा मार लागल्यावर, क्वचित काही न लागताही, फुटू शकते. हे फार कमी होतं, हजारात एक ते पाच जणांना, पण झालं तर पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. धोका सर्वांत जास्त पहिल्या तीन आठवड्यांत असतो, नंतर कमी होत जातो. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून किमान तीन-चार आठवडे धावपळीचे खेळ, वजन उचलणं, कुस्ती-कबड्डी, दुचाकीवरून खडबडीत रस्त्याने जाणं, सगळं बंद. जिमबद्दल तू सहज विचारलंस, पण माझ्या मते तुझ्या प्रश्नातली हीच जागा गंभीर आहे. ज्याला बरं वाटायला लागलंय तोच पोरगा वजनं उचलायला जातो. पोट दाबून प्लीहा लागते की नाही हे स्वतः बघत बसू नकोस, मित्रालाही बघू देऊ नकोस. जिम पुन्हा कधी, हे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच. तोवर सपाटीवर सावकाश चालणं पुरे, तेही अंगाला झेपेल तेवढंच.

डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखलं, ते दुखणं डाव्या खांद्यापर्यंत गेलं, चक्कर आली किंवा दरदरून घाम फुटला तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं. श्वास घ्यायला त्रास झाला, पाणीही गिळता येईना, मान ताठ होऊन असह्य डोकेदुखी झाली तरी तेच. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

यकृतालाही या आजारात सौम्य सूज येते, बऱ्याच जणांचे एन्झाइम वाढलेले निघतात आणि काही आठवड्यांत आपोआप खाली येतात. म्हणून पॅरासिटामॉल लागलंच तर दिवसाला किती चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घे आणि सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध असतं हे लक्षात ठेव. दारू पूर्ण बंद.

पुरळाने घाबरू नकोस. मोनो असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतलं की पुष्कळांना असं पुरळ उठतं, आणि ते बहुधा पेनिसिलिनची कायमची अ‍ॅलर्जी नसते. पण स्वतःच निष्कर्ष काढून ते औषध पुन्हा घेऊ नकोस. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना 'मोनोमध्ये पुरळ उठलं होतं' असंच सांग, म्हणजे गरज पडली तर ते नीट तपासून ठरवतील. पहिल्या डॉक्टरांवर राग धरावा असंही मला वाटत नाही. जिवाणूंमुळे होणारा घसा आणि मोनोचा घसा नुसत्या नजरेने वेगळे करता येत नाहीत, शिवाय मोनोची झटपट चाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्हच येते.

थकव्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण इथेच माणसं सर्वांत जास्त चुकतात. एखाद्या सकाळी खूप बरं वाटतं. मग आपण साचलेलं सगळं एका दिवसात उरकतो आणि पुढचे दोन दिवस उठवत नाही. भावाच्या बाबतीत हे चक्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला शेवटी उपयोग झाला तो एका साध्या नियमाचा: चांगल्या दिवशीही वाईट दिवसाइतकंच, किंवा जेमतेम थोडं जास्त करायचं. थकेपर्यंत ताणायचं नाही, थकायच्या आधी थांबायचं. अभ्यास वीस-पंचवीस मिनिटांचा, मग मोबाइल न घेता डोळे मिटून पडायचं. डोकं सर्वांत तरतरीत असेल ती वेळ अवघड विषयाला द्यायची. पाच-सहा दिवस एका पातळीवर नीट गेले की मगच थोडं वाढवायचं. तू पूर्ण वेळ पडूनही राहू नकोस, त्यानेही अंगातली ताकद जाते. रोज अंघोळ, थोडं चालणं, उजेडात बसणं चालू ठेव. दुपारची झोप घे, पण रात्रीची झोप मोडेल इतकी लांबवू नकोस.

परीक्षेचं आजच बघ. डॉक्टरांकडून निदान आणि तारखा लिहिलेलं पत्र घे आणि विभागाला आत्ताच कळव. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ता मुदत किंवा जास्त वेळ मागणं सोपं जातं. लागली नाही सवलत तर वापरू नकोस.

घरच्यांचं बोलणं टोचतं, मला माहीत आहे. बाहेरून तू धडधाकट दिसतोस, ताप मोजता येत होता तोवर त्यांना आजार दिसत होता. वाद घालू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांच्यापैकी एकाला सोबत ने आणि थकवा किती दिवस राहू शकतो हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. आमच्याकडे आईचा सूर त्यानंतरच बदलला.

खोलीतल्या मित्राला लागण होईल का, हेही विचारलंयस. हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. बाटली, पेला, चमचा, टूथब्रश वेगळे ठेव. चुंबनाने पसरतो म्हणून लोक नको ते तर्क करतात, तिकडे लक्ष देऊ नकोस, उष्ट्या पेल्यातूनही तो येतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधत बसण्यातही अर्थ नाही. बरं झाल्यावरही लाळेत तो काही महिने सापडतो, पुढेही अधूनमधून येतो, म्हणून तेवढ्यासाठी स्वतःला कोंडून घेण्यात अर्थ नाही. मित्राला बहुधा लहानपणीच होऊन गेलेला असेल.

सहाव्या आठवड्यापर्यंत थकवा तसूभरही कमी झाला नाही, ताप परत आला किंवा गाठी वाढल्या तर पुन्हा दाखव. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि यकृताच्या चाचण्या कराव्यात का, आणि सायटोमेगॅलो विषाणू किंवा एचआयव्हीची नवी लागण यांसारखी मोनोसारखीच दिसणारी इतर कारणं तपासायची राहिली आहेत का, हे सरळ विचार. आत्ताच्या भेटीत मात्र दोनच गोष्टी विचारून ये: प्लीहा तपासली का, आणि यकृताची चाचणी पुन्हा कधी करायची.