आधी किंमत ठरव, मग कढई तापव

तुझी पाकिटं पोचली. पहिलं तुझ्या काकूनं फोडलं, आणि मी चष्मा शोधून मागचं लेबल वाचेपर्यंत अर्धं संपलंही होतं, त्यामुळं चवीबद्दल मी काही बोलत नाही, लसूण मस्त कुरकुरीत झालाय. मला बोलायचंय ते लेबलवर. 200 ग्रॅम, एमआरपी 50 रुपये, आणि वर लाल अक्षरात ‘सर्वात स्वस्त सांगली भडंग’. ते वाचून मला जरा धडकीच भरली बघ.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब पाठवलायस, मुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, गॅस धरून 26, पाऊच, मजुरी आणि खोका मिळून 12, झाले 38, वर 12 नफा. नवी पोरं सगळी असंच करतात, मीही केलंय. पण अरे, ते 50 रुपये गिऱ्हाईक दुकानदाराला देतंय, तुला नाही. त्या 50 पासून उलटं चालत ये. दुकानदार एमआरपीवर 20 टक्के मागणार, नव्या मालाला त्याच्या खाली तो हातच लावत नाही, म्हणजे त्याला माल 40 ला पडला पाहिजे. डिस्ट्रिब्युटरला त्याच्या खरेदीवर 8 टक्के सुटायला हवेत, म्हणजे तुझं बिल 37 चं. तू जीएसटी नंबर काढलायस, तेव्हा त्या 37 च्या पोटात 5 टक्के सरकारचे. तुझ्या हातात येतात 35 रुपये आणि थोडी चिल्लर. खर्च 38. म्हणजे प्रत्येक पाकिटामागं तू पावणेतीन रुपये खिशातनं घालतोयस आणि वर लिहितोयस सर्वात स्वस्त! पाऊचच्या बिलातला जीएसटी वळता करून घेतलास तरी हे भोक बुजत नाही. आणि यात सादळलेला परत आलेला माल नाही, उधारी नाही, तुझ्या गाडीचं पेट्रोल नाही. जितका खप जास्त तितका तू खड्ड्यात.

स्वस्त विकून मोठं होता येत नाही असं नाही. 1969 साली अहमदाबादला करसनभाई पटेल सायकलवरनं घरोघरी निरमा विकायचे, साधारण 3 रुपये किलो, तेव्हा सर्फ 13 च्या आसपास होतं. पण त्यांना ते परवडलं कारण पावडर घरच्या परसात बनायची, विकणारे तेच, मधे कुणी नाही. खर्चच कमी होता म्हणून किंमत कमी होती. सर्फवाल्यांनी उत्तर दिलं ते टीव्हीच्या जाहिरातीत ललिताजी नावाची गृहिणी आणून, आणि त्या बाईनं काय सांगितलं, तर स्वस्त वस्तूत आणि चांगल्या वस्तूत फरक असतो. शेवटी त्यांनाही स्वस्तातलं व्हील काढावं लागलं तो भाग वेगळा. आता भडंगात बघ, तेल टँकरनं घेणाऱ्या कंपन्या दुकानात 10 रुपयाच्या पाकिटांच्या माळा लावून बसल्यात. इथले करसनभाई ते आहेत, तू नाहीस. तू तेल डब्यानं आणतोस राव!

आणि ‘स्वस्त’ हा शब्द पाकिटावर नकोच. टाटांची नॅनो आठव, 2009 ला रस्त्यावर आली, लाखाची गाडी म्हणून सगळ्या देशात गाजली, आणि तेच नडलं. सगळ्यात स्वस्त गाडी दारात लावायला लोक बिचकले, स्वतः रतन टाटांनी नंतर कबूल केलं की तसा शिक्का बसायला नको होता. 2018 ला उत्पादन बंद. पुण्याला मेव्हण्याकडं भडंग घेऊन जाणारा माणूस ‘सर्वात स्वस्त’ असं पाकीट टीपॉयवर ठेवेल का?

हा मेव्हण्याकडं जाणारा माणूसच तुझा गिऱ्हाईक आहे. भडंग ही सांगली-जयसिंगपूरची न्यायची वस्तू, स्टँडवर एसटीची वाट बघताना घेतात, सुट्टी संपवून परत निघालेली पोरं घेतात. त्याला 50 आणि 60 तला फरक टोचत नाही, पाकीट हातात भरल्यासारखं वाटतंय का एवढंच तो बघतो. भडंग हलका माल, 170 ग्रॅमची पिशवी पण चांगली टम्म दिसते. म्हणून 60 रुपयाला 170 ग्रॅम करून बघ. कच्चा माल 22 चा, वरचे 12 तसेच, खर्च 34. दुकानदार, डिस्ट्रिब्युटर, जीएसटी सगळ्यांचं काढून तुझ्याकडं येतात 42, म्हणजे आठेक रुपये सुटतात. पहिलं वर्ष सांगली-मिरज-जयसिंगपूरची चाळीसएक दुकानं तूच मार, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे पण तुझ्याकडंच राहतील आणि दुकानदार काय बोलतात ते कानावर पडेल. वजन मात्र मोठ्या अक्षरात छाप. आता ग्रॅममागं किती पडतात ते पाकिटावर छापावंच लागतंय, लपवायला जागा नाही.

10 रुपयाचं छोटं पाकीट काढू का विचारलंस. काढ, पण चव लावण्यापुरतं, त्यात सुटणार काही नाही, पाऊच आणि मजुरीच निम्मं खाते. एवढं मात्र ध्यानात ठेव की तिथं आकडा हलत नाही, हलतं ते वजन. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी खाली आला तेव्हा 5 च्या बिस्किटपुड्यावर 4 रुपये 45 पैसे असले आकडे दिसायला लागले होते, आता सांग, पंचावन्न पैसे कोण कुणाला परत देतंय? शेंगदाणा महागला की 10 चे 11 करता येत नाहीत, मूठ आवळावी लागते, म्हणून सुरुवातीलाच काठोकाठ भरू नकोस.

स्कीमचं माझंच ऐक. मिरजेत माझ्याकडं एका कंपनीच्या टूथपावडरची एजन्सी होती, दिवाळीला मी उत्साहात आपल्या कमिशनमधनं दहावर दोन फ्री लावलं. पंधरा दिवसात गोडाऊन रिकामं, मी खूश, हिला साडी पण घेतली. पुढं तीन महिने एक ऑर्डर नाही, कारण माल खपला नव्हता, नुसता माझ्या माडीवरनं दुकानदारांच्या माडीवर गेला होता. नंतर जो तो म्हणायला लागला, दोन फ्री देताय का, मग टाका. पुढच्या उन्हाळ्यात एक्सपायरीच्या गोण्या परत आल्या, त्या उतरवून घेताना हमाल हसत होता. त्यापेक्षा तेच पैसे घालून शनिवारी स्टँडजवळच्या दुकानात काऊंटरवर बरणी ठेव आणि कागदावर चिमूटभर भडंग देत उभा राहा. बोलायचं एकच, लसूण बघा कसा कुरकुरीत झालाय. बाकी बडबड नको.

ऑनलाईनला तू 45 ला देतोयस ते आजच बंद कर. दुकानदाराच्या पोराच्या मोबाईलवर ते दिसलं की तुझं पाकीट मागच्या फळीवर गेलंच म्हणून समज. आणि कुरियरवाला भडंगाचं वजन बघत नाही, खोक्याचं माप बघतो, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधे, भागिले 5000, आणि तेवढे किलो लावतो. दीड फुटाचा चौकोनी खोका म्हणजे जवळजवळ 19 किलो, आत माल असेल पाच. येताना तुझ्या खोक्याची मापं घेऊन ये, आपण पाकीट आडवं की उभं बसतंय ते करून बघू.

आणि दुसरं पाकीट काल उघडलं तर मुरमुरा जरा चिवट लागला. पॅकिंग कुठल्या तारखेचं होतं? झिपच्या खालचं सील एका कोपऱ्यात उघडं होतं, मशीनची पट्टी बघून घे.