आजीआजोबांना व्हीआर हेडसेट : वाचकांचे प्रश्न

डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगाचा ज्येष्ठांना उपयोग किती, हा एकच प्रश्न नाना तऱ्हांनी येतो आहे. त्यातले पाच घेतो.

वडील ७४ वर्षांचे. पाच मिनिटांत मळमळतं. सवय होईल का?

सोसून सवय लावू नका, मळमळ सुरू होताच हेडसेट काढा. डोळे सांगतात ‘चालतोय’, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं ‘बसलोय’; त्या विसंवादाचा हा त्रास. हातात धरायच्या कंट्रोलरने चालण्या-उडण्याचे प्रकार बंद. एका जागी बसून पाहायची दृश्यं लावा, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. खुर्ची हातांची हवी, फिरती नको. अर्धा किलोचं वजन गालांवर येऊ नये म्हणून मागचा पट्टा आधी बसवा. चित्र धूसर दिसत असेल तर भिंगांमधलं अंतर बदला. काढल्यावर लगेच उभं करू नका, तोल जातो. एरवीही चक्कर येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

चष्म्यावर चालतो का?

चालतो, मध्ये स्पेसर म्हणजे अंतर राखणारी चौकट लावा. नाहीतर काचेला काच घासते.

मला पेसमेकर आहे.

हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असतात.

आई ७१ वर्षांची. तेच तेच विचारते, दोनदा गॅस चालू राहिला. एक केंद्र २४ सत्रांच्या पॅकेजने ‘स्मृतिभ्रंश थांबतो’ म्हणतं. सत्रं संपवून मग डॉक्टरांकडे जावं का?

नाही. याच आठवड्यात जा. ‘वय झालं, चालायचंच’ यात आधीच महिने गेलेले असतात, त्यात ही आणखी २४ सत्रं! बी-१२ची कमतरता, मंद थायरॉइड, घसरलेलं सोडियम, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि बऱ्याचदा उपचारांनी कमी होतो. न्हाणीघरात डोकं आपटलं असेल तर मेंदूवर हळूहळू रक्त साचून आठवड्यांनी लक्षणं दिसतात. तिथे स्कॅन लागतो. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्याही घोटाळा करतात. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप, चूर्णंसुद्धा, पिशवीत भरून न्या. ऐकणंही तपासून घ्या. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? आणि बरळणं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय.

आता ‘थांबतो’ या शब्दाबद्दल. मेंदूच्या खेळांच्या असल्याच जाहिरातींसाठी २०१६ मध्ये अमेरिकेत लुमोसिटी या खेळांच्या कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. तिथल्याच ‘अॅक्टिव्ह’ या २,८३२ ज्येष्ठांना मेंदूचे सराव देऊन केलेल्या चाचणीत ज्याचा सराव केला त्यातच मुख्यतः सुधारणा झाली. दहा वर्षांनी तर्क आणि वेगाच्या सरावाचा परिणाम टिकला, स्मरणाच्या सरावाचा नाही. आणि तिथे हेडसेट नव्हतेच. केंद्र ‘आधीचे-नंतरचे गुण’ दाखवेल, त्याला भुलू नका. तीच चाचणी पुन्हा दिली की गुण आपोआप चढतात. निदानानंतर डॉक्टर हो म्हणाले तर हेडसेट जरूर लावा, विरंगुळा म्हणून.

आई गेल्यापासून बाबा गप्प असतात. गावाकडची दृश्यं दाखवू?

दाखवा, पण शेजारी बसा आणि नंतर त्यावर बोला. एकट्याला हेडसेट देऊन निघून जाऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक मोडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ. ‘जगून काय करू’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो.