एप्रिलमध्ये हिमालयात हिमस्खलनाचा धोका कमी असतो का?

नाही. धोका राहतोच, फक्त त्याची वेळ बदलते. तुम्ही कोल्हापूरचे सहाजण एप्रिलमध्ये मनालीजवळच्या खिंडीत निघालाय आणि 'थंडी सरली म्हणजे बर्फ बसलेला असणार' असं लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. मीही इथलाच, आणि पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच समजून गेलो होतो.

पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात दरड कधी येते? माती आतपर्यंत भिजली की. एप्रिलमध्ये बर्फाचं तसंच होतं, पावसाचं काम तिथं ऊन करतं. वरचा बर्फ वितळून पाणी थराथरांतून झिरपतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खाली हिवाळ्यातला साखरेसारखा मोकळा थर दबलेला असेल आणि पाणी तिथवर पोचलं, तर अख्ख्या उतारावरचा बर्फ सुटून खाली येऊ शकतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर हाच बर्फ पुन्हा गोठून पहाटे फरशीसारखा टणक होतो. ढगाळ रात्री तो नीट गोठत नाही. ती रात्र आपल्याला उबदार, बरी वाटते, पण दुसऱ्या दिवशी निघायला तीच सगळ्यात वाईट.

म्हणून पहाटे तंबूबाहेर आलात की आधी बुटाची टाच आपटून बघा, बर्फ टणक गोठलाय की नाही. पावनखिंडीच्या मोहिमेत आपण दिवसभर निवांत चालतो, ती सवय इथं सोडा. अंधारात निघायचं आणि ऊन तापायच्या आत उतारावरून बाहेर पडायचं. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे.

आमचा ग्रुप चहा-नाश्ता करून आठला निघाला होता. दहाच्या सुमारास एका नाळेपाशी, म्हणजे डोंगरातल्या अरुंद उतरत्या घळीपाशी, बूट नडगीपर्यंत रुतायला लागले, वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येत होते. गाइडने तिथूनच मागे फिरवलं. सुट्टी गेली, पैसे गेले म्हणून मी त्याच्याशी भांडलो. दीड तासाने तीच नाळ वरपासून खाली रिकामी झाली. ओला लोंढा तसा सावकाश येतो, पण थांबला की सिमेंटसारखा आवळतो. संध्याकाळी मी त्या गाइडचे पाय धरले.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, पण तुम्ही खाली सपाटीवर असलात म्हणून धोका टळत नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममधल्या नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. एप्रिलमध्येही ताजा बर्फ पडतो. पडून गेल्यावरचा पहिला कडक उन्हाचा दिवस तळावरच काढा. कड्याच्या धारेवर बाहेर झुकलेली बर्फाची झालर असते, तिच्यावर जाऊ नका आणि खालीही थांबू नका.

गाडला गेलेला माणूस साधारण पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने घटते. तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, शोधायचं ते बरोबरच्यांनीच. त्यामुळे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारं छोटं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि वापरायचा सराव इथूनच करून जा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना दोनच गोष्टी विचारा: खिंड किती वाजता ओलांडणार, आणि परत फिरायचा निर्णय कोणाचा? पहिल्याचं उत्तर 'नाश्ता झाल्यावर' असं आलं, तर दुसरा आयोजक बघा.