पोटातलं बाळ गेल्यानंतर पुन्हा दिवस गेलेत. मन शांत कसं ठेवू?

34व्या आठवड्यात बाळ गेलं, आता पाचवा महिना लागलाय, आनंद होत नाही, नुसती धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मन शांत राहणार नाही. माझंही राहिलं नाही. त्यासाठी आटापिटाच करू नका.

माझी पहिली मुलगी 36व्या आठवड्यात पोटातच गेली. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, आणि प्यायला कुणी नव्हतं. दीड वर्षाने पुन्हा दिवस गेले. 32व्या आठवड्यात एका रात्री दोनला जाग आली तर पोट गप्प. डाव्या कुशीवर वळून थोडा वेळ वाट पाहिली, मग नवऱ्याला उठवलं आणि हॉस्पिटल गाठलं. पोटाला पट्टे बांधून ठोके ऐकू येईपर्यंत मी त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून होते. ठोके लागले. ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिलीच खेप का?" नवरा म्हणाला, "हो."

मी पडल्या पडल्या म्हणाले, "दुसरी." त्यांनी फाइल उघडली. वरच लिहिलं होतं, जी 2, पी 1, एल 0. म्हणजे दुसऱ्यांदा गरोदर, एक बाळंतपण झालेलं, हयात मूल नाही. त्या कागदावर माझ्या लेकीची नोंद होती, आमच्या घरात नव्हती. तिचा विषय काढला की "आता नको, पोटातल्यावर परिणाम होतो" म्हणायचे सगळे, नवरा सगळ्यांत आधी. तुला जपत होतो, असं तो आजही म्हणतो. ते जपणं नव्हतं. मला गप्प बसवणं होतं.

म्हणून सांगते, गेलेल्या बाळाबद्दल बोला, रडा. रडल्याने पोटातल्या बाळाचं काही बिघडत नाही. ड्यूटी बदलली की नव्या माणसालाही आधीचं बाळ गेल्याचं आपणहून सांगा. हालचाल कमी वाटली तर रात्र म्हणून थांबू नका. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं कमी होतं, हे खोटं आहे. घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून त्यावर विसंबू नका.

एक राहिलं. झोपच येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते नुसतं बोलून भागणारं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मनासाठीच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हे नवऱ्यालाही वाचायला द्या. "पहिलीच खेप का?" असं कुणी विचारलं तर त्याने काय म्हणायचं, ते आत्ताच दोघांनी ठरवून ठेवा.