परसात नुसत्या कोंबड्या पाळल्या, कोंबडा नाही ठेवला, तर अंडी मिळतील का?

मिळतील की, अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, तो लागतो पिल्लांसाठी. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि कोंबडा असो नसो ते होतंच. इथं कसबा बावड्यात आमच्या घरामागं सहा कोंबड्या आहेत, कोंबडा एकपण नाही, तरी दहाच्या सुमारास खुराड्यात हात घातला की दोन-तीन गरम अंडी लागतातच. तपकिरी कवचाच्या अंड्यात जास्त ताकद असते हा पण गैरसमजच, कवचाचा रंग जातीवर असतो, आणि बलक पिवळाधमक दिसतो तो मका नि हिरवा पाला खाल्ल्यामुळं. पण रोज प्रत्येकीचं एक अंडं धरून हिशोब करू नका, गावरान कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहायला लागली, की कित्येक आठवडे अंडी बंद, पिसं झडताना पण तेच. पिल्लं पाहिजेच असतील तर कोंबडा असलेल्या शेजाऱ्याकडनं अंडी आणून त्याच खुडूक कोंबडीखाली ठेवा, 21 दिवसांत फुटतात. कोंबडा नसला की पहाटेच्या आरवण्यावरनं गल्लीत भांडणं पण होत नाहीत.